ढिली धरा, भाऊसाहेब

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला कोणी उभं राहायला शिकवू नये. उभं राहणं हा विषय आपण पहिल्या वाढदिवसाच्या आसपास आटोपलेला असतो आणि त्यानंतर निदान सरकारी नोकराला तरी त्यात नवीन काही शिकायचं उरत नाही, असा माझा समज होता. तो स्नूकरच्या टेबलापाशी मोडला. नुसता समजच मोडला असता तर मी हे सांगत बसलो नसतो. पुढे कंबर मोडली, नाना गायधनींची लोणच्याची बरणी फुटली, आणि शेवटी जे मोडलं त्याची डॉक्टरकडे काही तपासणी नसते. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं खातं कोणतं ते सांगत नाही, कारण पेन्शन चालू आहे. ऑफिस नाशिकला, साल चौऱ्याऐंशी, आणि मी हेडक्लार्क. ऑफिसच्या मागे कडुलिंबांच्या सावलीत खात्याचा क्लब होता, इंग्रजांच्या वेळचा. त्यात एका खोलीएवढं बिलियर्डचं टेबल होतं आणि त्यावर संध्याकाळी साहेब लोक स्नूकर खेळत. त्या क्लबात मी वीस वर्षं नेमाने जात होतो, पायपुसण्यापर्यंत. तातडीच्या सह्या घ्यायला फायली घेऊन जायचं, दारातल्या पायपुसण्यावर उभं राहायचं आणि साहेबांचा फटका होईपर्यंत थांबायचं. फटका चुकला तर आणखी थोडं थांबायचं, कारण चुकलेल्या फटक्यानंतर पुढे केलेल्या फायलीवर साहेब प्रश्न विचारतात. हे ज्ञान कोणत्याही सेवानियमावलीत सापडणार नाही.

सह्यांचा विषय निघालाच आहे तर माझ्या कामाच्या पद्धतीबद्दलही सांगून टाकतो, म्हणजे नंतर घोळ नको. आमच्याकडून कोणताही हुकूम निघायचा तर तो टंकलेखकाकडून आधी माझ्याकडे येई. चार प्रती, मध्ये तीन कार्बन. मी समास सरळ आहे का बघे, जावक क्रमांकाला जागा सोडली आहे का बघे, आणि डाव्या कोपऱ्यात 'तपासले' असं लिहून खाली आद्याक्षरं करी. कार्बन काढायच्या आधीच. एकदा दाबून केलं की चारही प्रतींवर उमटतं, चार वेळा हात चालवावा लागत नाही. चौथ्या प्रतीवर माझ्याइतकी ठसठशीत आद्याक्षरं जिल्ह्यात कोणाची नव्हती, आणि याचा मला अभिमान होता. मजकूर मी वाचत नसे. मजकूर वाचणारा हेडक्लार्क दुपारच्या चहापर्यंत पोचत नाही.

तर त्या साली मुंबईहून कारखानीस साहेब बदलून आले. स्वभावाने दिलदार, म्हणजे बोलून विसरणारे. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर चहा घेताना ते मला म्हणाले, "गांगुर्डे, तुम्ही स्नूकर का नाही खेळत? सव्वीस जानेवारीच्या स्पर्धेत स्टाफमधनंही कोणीतरी हवं. शिका तुम्ही." एवढं बोलून त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. बिस्कीट तुटून कपात पडलं आणि त्यांचं लक्ष तिकडे गेलं. माझं मात्र आयुष्य तिथेच अडकलं.

मला जिंकायचं वगैरे नव्हतं. त्या टेबलावर एक डाव खेळायचा होता. पायपुसण्यावरून निघायचं, टेबलापर्यंत चालत जायचं, आणि ज्यांच्या सह्यांसाठी वीस वर्षं ताटकळलो त्यांच्यादेखत वाकून एक चेंडू पॉकेटात घालायचा. आमच्या घराण्यात आणि आमच्या श्रेणीत हे कोणी केलेलं नव्हतं. यात हसण्यासारखं बरंच आहे, ते मला तेव्हाही कळत होतं. पण इच्छा खरी होती.

पहिली अडचण परवानगीची. तृतीय श्रेणी कर्मचाऱ्याने टेबल वापरायचं तर अर्ज योग्य मार्गे करावा लागतो. योग्य मार्ग म्हणजे हेडक्लार्क. मी अर्ज लिहिला, स्वतःकडे सादर केला आणि स्वतःच त्यावर शेरा मारला की अर्जदाराने खेळाची आवश्यकता नमूद केलेली नाही. अर्ज तसाच वर पाठवला असता तर हिशेब तपासनीसांनी म्हटलं असतं, गांगुर्डेंनी गांगुर्डेंना सांभाळून घेतलं. मग मी अर्जदार म्हणून खुलासा दिला, हेडक्लार्क म्हणून तो असमाधानकारक ठरवला, आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळून मान्य केला. सकाळी साडेसहा ते साडेसात, मार्करच्या देखरेखीखाली, अशी परवानगी आली.

मग क्यू, म्हणजे खेळायची काठी. जडवस्तू नोंदवहीत सहा क्यू होत्या, कपाटात पाच. सहावी बागेत पपईच्या झाडाला टेकू म्हणून उभी होती आणि माळी ती सोडायला तयार नव्हता, कारण झाडाला फळं धरली होती. शेवटी त्याला बांबू देऊन ती सोडवली. दोन पावसाळे काढल्यामुळे तिला थोडा बाक आला होता. साहेबांच्या क्यूला हात लावायचा नाही, अशी परवानगीत अट होती, त्यामुळे माझ्या वाट्याला हीच आली.

मार्कर होते भिकाभाऊ. मार्कर म्हणजे काय ते सांगतो. साहेब खेळत असताना गुण मोजायचे, फळ्यावरचे काटे सरकवायचे, पॉकेटातले चेंडू काढून जागेवर मांडायचे, लांबच्या फटक्याला आधाराची काठी आणून द्यायची, आणि सकाळी टेबलावरचं हिरवं कापड ब्रशने झाडून त्याला इस्त्री करायची. नांदगावकडचे, साठीला टेकलेले भिकाभाऊ हे काम एकतीस वर्षं करत होते. क्लबच्या मागच्या खोलीत एकटेच राहत. त्यांच्यादेखत सतरा साहेब येऊन गेले होते आणि त्यातल्या प्रत्येकाचं कोपर कुठे वाकडं जाई ते त्यांना पाठ होतं.

"हुभं ऱ्हा बरं," पहिल्या सकाळी ते म्हणाले.

मी उभा राहिलो.

"हे काय?"

"उभा आहे."

"भाऊसाहेब, हे तुमी साहेबासमोर हुभे हाय. टाचा जुळवल्या, मान खाली, अन् निम्मं आंग दाराकडं. टेबल साहेब नाय. ते काय तुमची रजा नामंजूर करनार नाय."

मग त्यांनी माझा उजवा पाय हाताने धरून फटक्याच्या रेषेवर ठेवला, गुडघा ताठ करायला लावला, डावा पाय खांद्याएवढा बाजूला आणि जरा पुढे, त्याचा गुडघा थोडा मोडलेला. "आता वाका. कमरेतून. हनवटी काठीला लागली पायजेल." वाकायची मला सवय होती, पण आमच्यात मानेतून वाकतात. कमरेतून वाकताना पाठीत कुठेतरी कडकड वाजलं आणि भिकाभाऊ म्हणाले, "वाजू द्या. वीस वरसाचं हाय."

पायांचं एक वेळ जमलं असतं. पकडीने मात्र मला रडवलं. मी क्यू धरली की माझी बोटं पांढरी पडत. भिकाभाऊंनी एकेक बोट उलगडून बघितलं.

"हातानं काम कायचं करता?"

"लिहितो. तीन कार्बन घालून."

"तरीच." त्यांनी माझी मूठ पुन्हा मिटवली, पण अशी की आत वारा जाईल. "बैलाचा कासरा धरलाय कधी?"

"नाही."

"कासरा ढिला धरायचा. ढिला असला तरी बैलाला ठावं असतं का हात हाय म्हून. आवळला का अडतो. काठीचं बी तसंच हाय. ढिली धरा, भाऊसाहेब."

हे तीन शब्द मी पुढच्या पाच महिन्यांत किती वेळा ऐकले ते मोजलं नाही. झोपेत ऐकले, वरणभात कालवताना ऐकले. सकाळच्या एका तासाने भागेना, म्हणून मी घरी सराव सुरू केला.

आम्ही नुकतेच इंदिरानगरात राहायला गेलो होतो. तेव्हा तिथे घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते, त्यामुळे एकमेकांच्या घरात लक्ष घालायला लोकांना भरपूर वाव होता. जेवणाचं टेबल आमच्याकडे नव्हतं. मी पलंगावरची गादी काढून फळीवर घोंगडी ताणली, कपडे वाळत घालायची काठी घेतली, आणि चेंडूंचा प्रश्न लासलगावच्या मेव्हण्याने सोडवला. त्याने गोलटीचं एक पोतं पाठवलं होतं. गोलटी म्हणजे लहान गोल कांदा, भावात मागे पडणारा. पंधरा लाल कांदे आणि मारायला एक पांढरा, असा माझा डाव मांडला जाई. कांदा सरळ जात नाही, त्याच्या शेंडीकडे वळतो. ठेचलेले कांदे माझी बायको शैला संध्याकाळी चिरून पिठल्यात घाली. त्या महिन्यात आम्ही इतकं पिठलं खाल्लं की शेवटी तिने विचारलं, "अहो, हा खेळ टोमॅटोवर नाही का जमत?"

सल्ला द्यायला दोघे रोज येत. वरच्या मजल्यावरचे नाना गायधनी, पंचवटीत यात्रेकरूंची कर्मं चालवणारे, आणि समोरचे बाळाजी सोनवणे, सटाण्याकडचे, शाळेत ड्रिल मास्तर. दोघांनीही स्नूकर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांची मतं पक्की होती.

"आचमनाची पळी धरतो तशी धरायची, जयरामराव," नाना म्हणत. "अंगठा आत, तर्जनी मोकळी. आणि श्वास रोखायचा. श्वासाशिवाय कुठलंही कर्म सिद्धीस जात नाही."

"श्वास नंतर बघू," बाळाजी मास्तर म्हणत. "आधी पाय. विश्राममध्ये उभे राहा." ते तापले की त्यांच्या बोलण्यात घरची अहिराणी येई. "नाना, तुम्ही श्वास श्वास करत बसले, अन् यास्ना पाय वाकडा शे."

"त्यांचे पाय वाकडेच आहेत," शैला आतून म्हणाली. "मला बघायला आले तेव्हा धोतर नेसले होते."

हा वाद रंगलेला असताना मी फटका मारण्यासाठी काठी मागे घेतली. आमची खिडकी दक्षिणेची, ऊन भरपूर, म्हणून नानांनी लिंबाच्या लोणच्याची बरणी आमच्या खिडकीत ठेवली होती. काठीचं मागचं टोक सरळ बरणीत गेलं. स्नूकरमध्ये माझा पहिला अचूक फटका तो, पण मागच्या बाजूने. त्या दिवसापासून नानांनी माझ्याशी बोलणं सोडलं, मात्र यायचं सोडलं नाही. पलंगाशेजारी बसून चहा घेत ते बाळाजी मास्तरांना सांगत, "यांना म्हणावं, कोपर आत घ्या."

ऑक्टोबरच्या शेवटी कंबर अडकली. हनवटी काठीला लावून उभा होतो तो तसाच राहिलो. शैलाने आणि मास्तरांनी मला त्याच अवस्थेत रिक्षात घातलं, म्हणजे गुडघे सीटवर आणि डोकं बाहेर. वाटेत आमच्या ऑफिसातले दोन कारकून सायकलवरून चालले होते. मी एवढा वाकून आपल्याला नमस्कार करतो आहे असं वाटून त्यांनीही उतरून नमस्कार केला. डॉक्टरांनी विचारलं, "काय उचलत होता?" मी म्हणालो, "उचलत नव्हतो. कांदा मारत होतो." त्यांनी शैलाकडे बघितलं. शैला म्हणाली, "हो, तेच करत होते." पंधरा दिवस झोपून राहायला सांगितलं आणि कमरेला एक पट्टा दिला.

पट्टा बांधून मी पुन्हा सकाळी साडेसहाला हजर झालो. भिकाभाऊंनी पट्टा चाचपून बघितला. "बरं झालं," म्हणाले, "आता मान वाकवायला गेलात तरी वाकनार नाय." आणि खरोखरच, पट्ट्यामुळे म्हणा किंवा तीन महिन्यांच्या त्यांच्या चिकाटीमुळे म्हणा, डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी सगळं जुळून आलं. उजवा पाय रेषेवर, हनवटी काठीवर, बोटांत वारा. क्यू पुढे गेली ती मी ढकलली असं वाटलंच नाही. काळा चेंडू टेबलाच्या त्या टोकाला होता, तो आवाज न करता पॉकेटात उतरला. भिकाभाऊ म्हणाले, "हां." एवढंच म्हणाले. वीसेक वर्षांच्या नोकरीत मिळालेल्या सगळ्या शेऱ्यांपेक्षा मला ते जास्त वाटलं.

"भिकाभाऊ, एक डाव माझ्याशी खेळा ना," मी म्हणालो.

"मार्करनं खेळायचं नसतं."

"असं कुठे आहे?"

त्यांनी भिंतीवरच्या काचेतल्या इंग्रजी नियमांकडे हात केला. नववा नियम. एकतीस वर्षं रोज सकाळी टेबलाच्या कडांवरून चेंडू नीट उसळतात का ते बघायला म्हणून ते चार-सहा फटके मारत, आणि त्यातला एकही चुकलेला मी पाहिला नव्हता. पण तो डाव नव्हे, ती तपासणी. भिकाभाऊ नियमाला माझ्यापेक्षा पक्के होते.

जानेवारीत ते जरा गप्प झाले. एरवी साहेबांच्या कोपरांच्या गोष्टी सांगत, त्या बंद झाल्या. "ढिली धरा" मात्र वाढलं. चेंडू पॉकेटात गेला तरी माझ्या बोटांकडे बघून म्हणत, "अजून दाबता तुमी." मला वाटलं, स्पर्धा जवळ आली म्हणून म्हणत असतील.

सव्वीस जानेवारी शनिवारी आली. मी नवा सफारी शिवला होता. नानांनी अबोला सोडून मला गंगेचं तीर्थ दिलं आणि श्वास विसरू नका म्हणून सांगितलं. शैला, नाना आणि बाळाजी मास्तर, तिघेही माझ्याबरोबर आले. स्टाफच्या कुटुंबांना आत यायला बंदी होती, पण बाहेर हिरवळीवरून खिडकीतून बघायची मुभा होती. मी पायपुसण्यावर पाय पुसले आणि त्यावर न थांबता आत गेलो. ती तीन पावलं मला आजही आठवतात.

फळ्यावर स्पर्धेचा तक्ता लावला होता. मी वरून खाली वाचत गेलो. साहेब, उपसाहेब, त्यांचे मेव्हणे, मुंबईहून आलेले एक पाहुणे. सगळ्यात खाली ओळ होती: गुणलेखक, श्री. ज. पुं. गांगुर्डे.

क्लबचे सेक्रेटरी राजहंस साहेब शेजारीच उभे होते. मी विचारलं, "माझा डाव कधी आहे?"

"डाव?" ते म्हणाले. "तुम्ही मार्कर आहात ना आज."

"भिकाभाऊ कुठे आहेत?"

"पद रद्द झालं की त्यांचं. एकतीस डिसेंबरची ऑर्डर आहे. कालपर्यंत होते. यापुढे स्टाफमधल्या खेळाची माहिती असलेल्या माणसाने ते काम ऑफिसच्या वेळेबाहेर बघायचं, असं ठरलंय. तुमचं नाव आहे त्यात. तुमच्याकडूनच गेली असेल ना ऑर्डर?"

"हो," मी म्हणालो. माझ्याकडूनच गेली असणार. दुसरीकडून जायला वाटच नव्हती. एकतीस डिसेंबरला कंबर दुखत होती म्हणून मी उभ्यानेच ढीगभर हुकूम तपासले होते. त्यातल्या एकाचाही मजकूर मला आठवेना. समास तेवढे सरळ होते.

कारखानीस साहेब हात पुढे करून आले. "वा, गांगुर्डे. बरं झालं तुम्ही शिकून घेतलंत. नाहीतर आम्हाला बाहेरचा माणूस बघावा लागला असता." ते मनापासून बोलत होते. पंधरा ऑगस्टला आपण काय बोललो होतो ते त्यांना अजिबात आठवत नव्हतं, आणि आठवण करून देण्याइतका मी मोठा नव्हतो.

सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत मी गुण मोजले. काटे सरकवले, चेंडू काढून जागेवर ठेवले. पाहुण्यांना लांबचा फटका मारायचा होता तेव्हा आधाराची काठी नेऊन त्यांच्या हाताखाली लावून धरली. ते म्हणाले, "पकड छान आहे हो तुमची." मी थँक्यू म्हणालो. आयुष्यात कधी एवढं अपमानित वाटलं नव्हतं, आणि तरी मी थँक्यू म्हणालो.

खिडकीबाहेर वेगळाच सोहळा चालला होता. प्रत्येक फटक्यानंतर साहेब लोक माझ्याकडे बघून "किती?" विचारत, आणि मी सांगेन तो आकडा मान्य करत. ते बघून नाना आणि मास्तर यांची खात्री पटली की मला पंच नेमलं आहे. इंदिरानगरात परतल्यावर नानांनी माझ्या हातात नारळ ठेवला. मास्तरांनी सगळ्या कॉलनीला सांगितलं की गांगुर्डेंच्या शब्दाबाहेर एक साहेब नव्हता. शैलाला कळलं होतं. तिने पलंगावर परत गादी घातली.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी साडेसहाला मी क्लबात गेलो, कारण चार्ज घ्यायचा होता. भिकाभाऊ मागची खोली रिकामी करून आले होते. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, दोन्ही दाराबाहेर ठेवलेली. दुपारची गाडी पकडून नांदगावला पुतण्याकडे जाणार म्हणाले. येताना वाटेत मी एक वाक्य तयार केलं होतं. भिकाभाऊ, ती ऑर्डर माझ्या हाताखालून गेली, मी वाचली नाही. एवढंच बोलायचं होतं. त्याऐवजी मी कागद काढला आणि यादी करायला बसलो. ब्रश एक, इस्त्री एक, चेंडू बावीस, क्यू सहा, पैकी एक वाकडी, खडू अर्धा डबा. चार प्रती. त्यांनी खाली सावकाश सही केली, भिका पुंजाजी, अक्षर सुटं आणि हलकं.

"आता तुम्ही मार्कर नाही," मी म्हणालो.

"नाय."

"मग खेळा एक डाव."

त्यांनी भिंतीवरच्या नियमांकडे बघितलं. मग टोपी काढली आणि साहेबांच्या खुर्चीवर ठेवली. कपाटातून क्यू काढली ती वाकडीच काढली. "फोडा तुमी," म्हणाले.

मी उजवा पाय रेषेवर ठेवला, हनवटी टेकवली, आणि लाल चेंडूंचा त्रिकोण फोडला. फटका चांगला गेला. खऱ्या डावातला तो माझा पहिला आणि शेवटचा फटका. त्यानंतर भिकाभाऊ खेळले. पपईखाली वाकलेली ती क्यू त्यांच्या हातात सरळ चालत होती. लाल, काळा, लाल, काळा, लाल, गुलाबी. मध्ये एकदाच चेंडू पॉकेटाच्या ओठावर थांबला आणि माझी पाळी आली, तेव्हा मी म्हणालो, खेळा तुम्हीच. मी काटे सरकवत राहिलो. एका दिवसात मला ती सवय लागली होती. शेवटचा काळा चेंडू गेला तेव्हा त्यांनी क्यू पुसून कपाटात ठेवली, चेंडू काढून मोजले आणि म्हणाले, "बावीस. बराबर हाय."

मी ते तयार वाक्य बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. तीच ऑर्डर, चौथी प्रत. टाइप इतका पुसट की वाचता येईना. साहेबांची सही नव्हती, नुसता रबरी शिक्का, तोही अर्धा. डाव्या कोपऱ्यात मात्र 'तपासले', आणि खाली माझी आद्याक्षरं, निळी, ठसठशीत.

"साहेबाची नाय उमटली," भिकाभाऊ म्हणाले. "तुमची उमटली."

"कधी बघितलंत?"

"एक तारखेला. वळखीचा हात."

म्हणजे त्यानंतर पंचवीस दिवस ते रोज सकाळी माझी बोटं सोडवत होते. मी विचारलं, "मग मला शिकवत कशाला राहिलात?"

"तुमाला खेळायचं व्हतं ना."

"भिकाभाऊ, मी वाचली नव्हती."

"ते बी ठावं हाय. वाचून सही करनारा मानूस एवढा दाबत नाय." त्यांनी कागद घेतला, पुन्हा पहिल्याच घड्यांवर दुमडला, टोपी घातली. दारातल्या पायपुसण्यापाशी थांबून त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "ढिली धरा, भाऊसाहेब." मग पेटी उचलली आणि गेले.

वर्षभरात कारखानीस साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेले साहेब ब्रिज खेळत, त्यामुळे टेबलावर ताडपत्री पडली आणि मार्करची कोणालाच गरज उरली नाही. मी पुढे चौदा वर्षं नोकरी केली. सुरुवातीला काही दिवस प्रत्येक हुकूम वाचून बघितला. दुपारच्या चहापर्यंत पोचणं होईना, ढीग साचला, वरून विचारणा झाली. मग वाचणं सोडलं. पकड मात्र कायमची सुधारली होती. पेन मी बोटांत नुसतं टेकवत असे, त्याला हात आहे एवढंच कळे. पहिल्या प्रतीवर आद्याक्षरं येत, दुसरीवर सावली येई, आणि चौथ्या प्रतीवर, जी ज्याची नोकरी जाते त्याला मिळते, माझं काहीच उमटत नसे. भिकाभाऊंनी शिकवलेल्या पकडीचा मला एवढाच उपयोग झाला.